कार्यक्रमाच्या गर्दीत विषारी वायू सुटला, तर तो शहरात कुठे पसरेल हे आधी कसं सांगतात?

‘वारा जिकडे, वायू तिकडे’ हे मोकळ्या माळावर खरं. उंच इमारतींच्या मधे नाही. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या बंदिस्त स्टेडियमभोवती रस्त्यावर निरुपद्रवी परफ्लुरोकार्बन वायू सोडून मोजमाप केलं होतं. तो काही मिनिटांत उंच गच्च्यांवर पोचला, आणि थोडा चक्क वाऱ्याच्या उलट दिशेलाही सरकला! कारण इमारतीवर आपटलेला वारा खाली उतरतो, पाठीमागे भोवरे होतात आणि त्यांत हवा वरही उचलली जाते. संगणकात इमारतींचा त्रिमितीय नकाशा आणि वाऱ्याच्या नोंदी घालून हेच भोवरे शोधतात. बारकाईच्या गणिताला तासन्‌तास लागतात, म्हणून वाऱ्याच्या वेगवेगळ्या दिशा धरून उत्तरं आधीच काढून ठेवता येतात. बंदोबस्तावरच्या पोलिसांना त्यातलं मुख्यतः एकच हवं असतं: लोकांना कुठल्या रस्त्याने बाहेर काढायचं.