शेजारच्या वर्गात बसताना नजर कुठे ठेवायची?

"तिचा तास बघून आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही, मॅडम. अठरा वर्षं मी वर्गात केलं तरी काय?" साताऱ्याजवळच्या एका गावातल्या प्राथमिक शिक्षिका माझ्यासमोर बसून रडत होत्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुख्याध्यापकांनी त्यांना वयाने लहान असलेल्या सहकारी बाईंचा अपूर्णांकांचा तास बघायला बसवलं होतं.

मी विचारलं, "तास चालू असताना मागच्या बाकावरची मुलं काय करत होती?"

त्यांना आठवेना. बाईंचा आवाज, फळ्यावरचं अक्षर, हजरजबाबीपणा, सगळं तोंडपाठ होतं. मुलं मात्र दिसलीच नव्हती.

हे फार जणांचं होतं. आपण तास बघत नाही, बाईंना बघतो आणि मनातल्या मनात स्वतःचे गुण कापत राहतो. त्यातून शिकणं होत नाही, नुसती खंत उरते. मी त्यांना पुन्हा जायला सांगितलं. या वेळी भिंतीला पाठ लावून नाही, मुलांचे चेहरे दिसतील असं बाजूला बसायचं. दोनच मुलं निवडायची आणि ती काय करतात तेवढंच वहीत लिहायचं. बाईंबद्दल एक अक्षर नाही.

वही घेऊन आल्या तेव्हा चेहरा वेगळा होता. "अर्ध्या भाकरीचे चतकोर किती?" असं विचारून बाई गप्प उभ्या राहिल्या होत्या. एक मुलगा आधी खाली बघत होता, मग बोटं मोडली, मग हळूच म्हणाला, "दोन."

"मी एवढी थांबतच नाही," त्या म्हणाल्या.

अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, मागे पडलेली मुलंही बोलतात. ऐकायला सोपं वाटतं, पण वर्गात ते तीन सेकंद जीव खातात. हुशार मुलं "बाई, मी सांगू?" म्हणून उठतात, त्यांना हाताने बसवावं लागतं. माझ्याकडे आलेल्या या शिक्षिकेला ते जमायला तीन आठवडे लागले.

परवा त्यांचा फोन आला. आता त्यांनीच त्या सहकारी बाईंना आपल्या तासाला बोलावलंय. "खिडकीजवळच्या दोन मुली अजून गप्पच असतात. त्यांच्याकडे तेवढं बघ, म्हटलंय."