वाचकांचे प्रश्न: गालाचा कॅन्सर आणि पी-१६ ‘निगेटिव्ह’

प्रश्न: माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन साडेतीन आठवडे झाले. तीन पानी रिपोर्ट सोबत पाठवते आहे. त्यात शेवटी ‘पी-१६ : निगेटिव्ह’ असं आहे. चुलतभावाने नेटवर वाचलं, की पॉझिटिव्हवाले पेशंट जास्त जगतात. तेव्हापासून आईला घास गोड लागत नाही. आता लॅबवाले म्हणतात, पी-५३, ईजीएफआर, की-६७ या प्रोटीनच्या तपासण्याही करून घ्या, पुढचं सगळं कळेल. खर्च बराच आहे. कराव्यात का? बाबांनी तंबाखू सोडलीय, आई मात्र अजून मिश्री लावते.
— एक वाचक, बार्शी

उत्तर: अंक हातात पडेपर्यंत तुम्ही थांबणं बरं नव्हतं, म्हणून फोनवर थोडक्यात सांगितलंच. आता सविस्तर लिहिते, कारण या एका ओळीने घाबरलेली तुमची चौथी चिठ्ठी.

चुलतभावाने वाचलं ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या जागेबद्दल आहे. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ, म्हणजे घशाच्या भागातले काही कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. हा विषाणू पेशीतला एक लगाम निकामी करतो आणि त्यामुळे पी-१६ हे प्रोटीन पेशीत साचत जातं. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन रंग चढवला की अशी गाठ चहाच्या चोथ्यासारखी गडद तपकिरी दिसते. ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक रंगल्या तर पॉझिटिव्ह. अमेरिकेतल्या २०१० सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात घशाच्या कॅन्सरच्या एचपीव्हीवाल्या रुग्णांपैकी ८२ टक्के तीन वर्षांनी हयात होते, विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के. भावाच्या वाचनात आलं ते याच धाटणीचं.

बाबांचा कॅन्सर गालाचा, तंबाखू-चुन्याचा. तिथे पी-१६ बहुतेकदा निगेटिव्हच येतं आणि त्यावरून आयुष्याचा अंदाज बांधायचाच नसतो. ज्या गावाला जायचं नाही त्या गावची वाट कशाला विचारायची? खरं तर ही तपासणी मागायलाच नको होती. पण मानेच्या वरचं काही आलं की सरसकट पी-१६ लावायची सवय काही ठिकाणी लागली आहे.

बाकीच्या तीन प्रोटीनचं थोडक्यात. ईजीएफआर तोंडाच्या बहुतेक गाठींत भरपूर असतंच, मग त्यावरून कोणाला वेगळं काढणार? पी-५३ वर ढिगाने शोधनिबंध आहेत, पण त्याचा निकाल पाहून बाबांचे उपचार बदलणार नाहीत. की-६७ म्हणजे किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत त्याची मोजदाद. एकदा मी एकच काच सकाळी मोजली तर ३० टक्के आले, जेवण करून परत मोजली तर ४०. तेव्हापासून त्या आकड्याशी मी जपूनच वागते. पैसे राहू द्या.

पुढचं सांगणाऱ्या ओळी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहेत, या खास प्रोटीन-तपासण्यांशिवाय कळणाऱ्या. ‘खोली ७ मिमी’. ही कशी मोजतात? शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाशी एक आडवी रेघ धरायची आणि तिथून गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा, गाठीच्या सर्वांत खोल टोकापर्यंत. ५ आणि १० मिमी या इथल्या महत्त्वाच्या पायऱ्या. बाबा मधल्या पायरीवर आहेत. कापलेली कड गाठीपासून ६ मिमी दूर, हे चांगलं. मानेतून काढलेल्या ३२ लसिकाग्रंथींपैकी एकीत कॅन्सर आहे, पण तो तिचं कवच फोडून बाहेर आलेला नाही. फोडला असता तर रेडिएशनसोबत केमोचाही विचार करावा लागला असता. मज्जातंतूभोवती पेशी शिरल्यात का, ती ओळ मला सापडली नाही. सर्जनना विचारा, पॅथॉलॉजिस्टकडून लेखी घ्या.

म्हणजे चित्र काळंकुट्ट नाही, पण निर्धास्त राहण्यासारखंही नाही. एक लसिकाग्रंथी बाधित असताना रेडिएशनचा विचार होतोच, आणि द्यायचं ठरलं तर ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. तुमचे साडेतीन गेले. या प्रोटीन-तपासण्यांच्या निकालाची वाट बघण्यापेक्षा या आठवड्यात रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटा.

एक प्रोटीन मात्र लक्षात ठेवा, पीडी-एल१. ते आत्ता नको. आजार उलटला किंवा पसरला आणि इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांचा) प्रश्न आला, तर ते पाहतात. त्यासाठी गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लागतो, काडेपेटीहून लहान चौकोन. लॅबने तो जपून ठेवलाय ना, विचारून घ्या.

रेडिएशनआधी बाबांना दंतवैद्यांकडे न्यावंच लागेल, कारण किडके दात आधी काढावे लागतात. नंतर काढले तर जबड्याचं हाड बरं होत नाही, असं होऊ शकतं. त्या दिवशी आईंनाही सोबत न्या. बाबा उठले की त्याच खुर्चीत त्यांना बसवा, आणि दंतवैद्यांना मिश्रीचं आधी सांगा. त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत.