डेकच्या फळ्यांआधी २८ मे ही तारीख बघा

बाणेरहून एका वाचकांनी लिहिलं आहे. फ्लॅटला लागून असलेल्या टेरेसवर त्यांनी २६० चौरस फुटांचा सागवानी डेक करून घेतला, २ लाख ९० हजार रुपये मोजून. पहिल्याच पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर वळल्या, स्क्रूभोवती काळे डाग पडले आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. कॉन्ट्रॅक्टर तेव्हापासून ‘पाऊस संपू दे’, ‘दिवाळीनंतर माणसं पाठवतो’ म्हणत राहिला. आता फोनच उचलत नाही. वाचक विचारतात, ‘ग्राहक आयोगात दाद मिळेल का? आणि तोवर दुसऱ्या सुताराकडून डेक उखडून नवा बसवून घेऊ का?’

दाद मिळेल की नाही हे तुमच्या फळ्यांआधी कॅलेंडर ठरवणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. काम पूर्ण होऊन शेवटचा हप्ता दिला २८ मे २०२४ ला, असं तुम्हीच लिहिलंय. फळ्या वळल्याचे पहिले फोटो पाठवले १९ जुलैला. मी तुमच्या बाजूने उभा राहिलो तर मुदत जुलैपासून मोजा म्हणेन, समोरचा वकील मेपासून मोजेल. हा वाद अंगावर घ्यायचाच कशाला? २८ मे २०२६ हीच शेवटची तारीख धरा आणि त्याच्या आठवडाभर आधी तक्रार दाखल करा. मार्च अर्धा संपला आहे.

‘तो दुरुस्तीचं आश्वासन देत होता, म्हणून थांबलो’ हे मला जवळपास प्रत्येक पत्रात वाचायला मिळतं. डेक असो, वॉटरप्रूफिंग असो, नाहीतर मॉड्युलर किचन. आश्वासनांनी मुदत वाढते असं गृहीत धरू नका. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही ती वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि भिडेखातर वाट पाहिली हे कारण कितपत चालेल याची खात्री मी देणार नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो आधी तपासलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल २००९ मध्ये सांगून ठेवलंय. बावीस महिन्यांत तुम्ही एकही पत्र रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं नाही, याचा मला खरंच राग येतो. त्यात १ लाख १० हजार रोख दिले आणि पावती घेतली नाही! बँकेतून गेलेली रक्कम स्टेटमेंटवर दिसेल. रोखीसाठी ‘पैसे मिळाले’ असा त्याचा एखादा मेसेज सापडतो का, ते आजच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं संभाषण जपा. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं.

डेक मात्र उखडू नका. तुम्ही एक फळी उचलून पाहिलीत तेव्हा खालच्या बॅटन, म्हणजे फळ्यांना आधार देणाऱ्या पट्ट्या, पाण्याच्या उताराला आडव्या ठोकलेल्या दिसल्या आणि त्यांच्यामागे पाणी तुंबलेलं होतं, हे तुमच्या पत्रातलं सर्वात मोलाचं वाक्य आहे. ‘लाकूड पावसात हलतंच’ असं तो म्हणणार, आणि ते खरंही आहे. लाकूड रुंदीत फुगतं, म्हणूनच तर जाणता सुतार दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट सोडतो. तुमच्या फळ्या एकमेकींना भिडवून ठोकल्यात. साधे लोखंडी स्क्रू सागात काळे पडतात, तिथे स्टेनलेस स्टीलचे हवे होते. यातली एकही गोष्ट लाकडाच्या स्वभावाची नाही, कारागिरीची आहे. फळ्यांवर स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढा, वाकडेपणा मिलिमीटरमध्ये दिसू दे. एखाद्या आर्किटेक्टकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. खालच्या घराचं नुकसान वाढत असेल तर थांबता येणार नाही, पण तेव्हाही आधी अहवाल, मग कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवणं, मगच तेवढाच भाग उघडणं, आणि काढलेल्या फळ्या-स्क्रू जपून ठेवणं.

कोटेशनमध्ये ‘बल्लारशा सागवान’ लिहिलंय आणि फळ्यांत पांढरट पट्टे दिसतात, अशी तुमची शंका आहे. ते बाहेरचं कच्चं लाकूड असू शकतं. गाभ्यातल्या सागाचा टिकाऊपणा त्यात नसतो. बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लाकडाची ओळख पटवता येते आणि आयोगालाही नमुना प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. पण तक्रार निकाली काढायला कायदा तपासणीविना तीन महिने आणि तपासणीसह पाच महिने म्हणतो, प्रत्यक्षात तारखा किती पडतात हे कोर्टाच्या बाकावर बसणाऱ्यांना विचारा. कारागिरीचा मुद्दा एवढा उघड असताना लाकडाच्या जातीवर सगळी भिस्त ठेवू नये, असं मला वाटतं.

‘दर सहा महिन्यांनी तेल लावणे ग्राहकाची जबाबदारी’ या ओळीवर तो बोट ठेवेल. तुम्ही एक खेप चुकवलीत. भरपाई त्यामुळे थोडी कमी होऊ शकते. पण कोरड्या फळीला तेल लावून खालचं तुंबलेलं पाणी वाहून जात नाही, हे आर्किटेक्टच्या अहवालात आलं पाहिजे. सोसायटीची परवानगी लागत होती का, हे तुमचा करारनामा आणि उपविधी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

तक्रार पुणे जिल्हा आयोगात. कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस ठाण्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे दाखल करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नोटीस याच आठवड्यात पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि उत्तर येवो न येवो, एप्रिलमध्ये तक्रारीचा मसुदा तयार हवा.