सर फळ्यापाशी उभं करतात आणि मला काहीच आठवत नाही

पहिल्या सत्राच्या इंटर्नल परीक्षा जवळ आल्या की एम.एस्सी. गणिताची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे यायला लागतात. तक्रार थोड्याफार फरकाने तीच असते. बी.एस्सी.ला मार्क चांगले होते, विषय आवडायचा, म्हणून विद्यापीठात प्रवेश घेतला. इथे एक सर वर्गात उभं करून विचारतात, उत्तर आलं नाही की सगळ्यांसमोर बोलतात, आणि आता त्यांच्या तासाला बसायचीच धास्ती वाटते. गणित सोडू का? मी मुळात हुशार नव्हतेच का? पालकांचेही फोन येतात: आम्ही सरांशी बोलू का?

यात दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली असतात. एक विषयाचं, एक माणसाचं. विषय अवघड जातो तेव्हा मुलांना वाटतं, सर वाईट आहेत. आणि सर खरोखर अपमान करतात तेव्हा वाटतं, आपल्यालाच गणित येत नाही. दोन्ही सुटी केल्याशिवाय काही ठरवू नये, एवढं मी सगळ्यांनाच सांगते. ती सुटी कशी करायची, यासाठी एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मेघा म्हणू.

मेघा तालुक्याच्या कॉलेजातून आलेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी कोरडवाहू शेती, घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली ही पहिलीच. माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. रिअल अ‍ॅनालिसिसचा तास सकाळी पहिला असायचा. आदल्या रात्री दोन-अडीचपर्यंत टक्क जागी, सकाळी पोटात ढवळायचं, मेसचा चहासुद्धा जायचा नाही. "मॅडम, कॉरिडॉरमध्ये सरांचा आवाज ऐकला तरी हातपाय गार पडतात," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. सरांनी तिला फळ्यावर कंटिन्युइटीची, म्हणजे फंक्शन मध्ये कुठे तुटत नाही याची, व्याख्या लिहायला सांगितली. तिने लिहिली, बरोबर लिहिली. मग सरांनी विचारलं, "यातलं 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी' आणि 'असा एक डेल्टा आहे' यांची जागा बदलली तर काय होईल?" (एप्सिलॉन म्हणजे उत्तर किती जवळ हवं ती अट, डेल्टा म्हणजे त्यासाठी आत घातलेली संख्या किती जवळ ठेवायची ते अंतर.) मेघा गप्प. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "कुठल्या कॉलेजातून आलात?" तिने नाव सांगितलं. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "तिकडे सगळं गाइडवरच चालतं." मागच्या बाकावरचे काही जण हसले. त्या दिवसापासून ती तासाला शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसायला लागली, आणि हळूहळू जायचीच बंद झाली.

पुढच्या भेटीला मी तिला वही आणायला सांगितली. इतकी सुंदर वही मी क्वचितच पाहिली असेल. तारीख लाल शाईत, प्रत्येक थिअरमभोवती पट्टीने आखलेली चौकट, सिद्धतेच्या शेवटी छोटा काळा चौकोन. पण आख्ख्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. समासात प्रश्नचिन्ह नाही, "हे कसं?" नाही, स्वतःचं म्हणून एकही उदाहरण नाही. फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात, असा तिचा बी.एस्सी.चा अभ्यास होता. त्यावर तिला मार्क मिळाले होते आणि त्यात तिचा दोष काहीच नव्हता. परीक्षाच तशी होती.

मी गणिताची नाही. म्हणून तिला म्हटलं, "ही व्याख्या मला मराठीत समजावून सांग, मला बारावीचं गणितही आठवत नाही असं धर." आधी ती इंग्रजी वाक्यच पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, नाही, एखादं फंक्शन घेऊन सांग. तिने घेतलं: संख्येची तिप्पट करून त्यात १ मिळवायचा. २ घातले की ७ येतात. "आता उत्तर ७ पासून ०.३ पेक्षा कमी अंतरावर राहावं अशी कुणी अट घातली, तर मी २ पासून ०.१ च्या आत राहीन," ती म्हणाली. "अट ०.०३ ची घातली तर ०.०१ च्या आत." आणि बोलता बोलता थांबली. "म्हणजे अट समोरचा घालतो. मग मी माझा डेल्टा निवडते. त्याच्या अटीप्रमाणे माझा डेल्टा बदलतो."

मी विचारलं, "आणि जागा बदलली तर?"

बराच वेळ ती कागदावर काहीतरी खरडत होती. मग म्हणाली, "मग मला आधीच एक डेल्टा देऊन टाकावा लागेल, आणि तो कुठल्याही अटीला पुरायला हवा. अट कितीही बारीक असली तरी. म्हणजे तेवढ्या पट्ट्यात फंक्शन जागचं हलताच कामा नये, ते कॉन्स्टंटच असलं पाहिजे." सरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. ते तिला माझ्या खोलीत, मराठीत, कुणी घाई न करता विचारल्यावर आलं. तिच्या डोक्यात काही कमी नाही, हे त्या दिवशी तिने स्वतःच पाहिलं. मी नुसतं म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

इथे विषयाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही उडी किती मोठी आहे हे मुलांना कुणी सांगतच नाही. बी.एस्सी.पर्यंतचं बरंचसं गणित हे करायचं गणित असतं: सूत्र लावा, उत्तर काढा. एम.एस्सी.ला अचानक ते का खरं आहे हे सिद्ध करायचं असतं. ज्या व्याख्येवर मेघा अडली, तिथवर पोचायला गणितज्ञांनाच दीड शतक लागलं. लायब्निझचा कॅल्क्युलसवरचा पहिला लेख १६८४ मधला. बोल्झानोने कंटिन्युइटीची नेमकी व्याख्या १८१७ मध्ये दिली, कोशीचं अ‍ॅनालिसिसचं पाठ्यपुस्तक १८२१ मध्ये आलं, आणि आजची काटेकोर एप्सिलॉन-डेल्टाची मांडणी रुळली ती त्यानंतर वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून. खुद्द कोशीने त्या पुस्तकात म्हटलं होतं की कंटिन्युअस फंक्शनांच्या कन्व्हर्जंट (म्हणजे बेरीज एका ठराविक उत्तराकडे सरकत जाणाऱ्या) मालिकेची बेरीज कंटिन्युअसच असते. १८२६ मध्ये आबेलने त्याला अपवाद दाखवला. पुढे जी दुरुस्ती झाली तिचं नाव युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, आणि त्यातली खोच हीच आहे: आधी काय ठरतं आणि नंतर काय, 'प्रत्येक' कुठे आणि 'असा एक' कुठे. मेघाला हे तिच्याच संदर्भपुस्तकात सापडलं. ते सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. सरांचा प्रश्न फालतू नव्हता, उत्तम होता, हेही तिला तेव्हाच कळलं.

मग वर्गात तोंडातून शब्द का फुटला नाही? याचं उत्तर बऱ्यापैकी अभ्यासलेलं आहे. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती कार्यकारी स्मृतीवर (वर्किंग मेमरीवर), म्हणजे हातातली चार पदं एकावेळी डोक्यात धरून ठेवायच्या क्षमतेवर ताण आणते. 'हसतील का, सर काय म्हणतील' हा विचारही तीच जागा खातो. एप्सिलॉन-डेल्टाला नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त लागते. येणाऱ्या मुलालाही फळ्यापाशी येईनासं होतं ते यामुळे.

आता दुसरं दुखणं. मेघाला मी एक काम दिलं: वर्गातल्या काही जणांना, सहज गप्पांत, त्याच सरांच्या त्याच तासाबद्दल विचार. ती परत आली तेव्हा स्वतःच चकित होती. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला होता, "सर विचारतात म्हणून तर मी रात्री वाचतो. असं शिकवणारं मला आधी कुणी भेटलंच नाही." तिची रूममेट, जी मान डोलवत बसायची, ती म्हणाली, "मला एक अक्षर कळत नाही गं. तुला कळतंय असं वाटायचं, म्हणून गप्प राहिले." आणि तिसरी म्हणाली, "मला तर सर कधी विचारतच नाहीत. त्यांच्या लेखी मी वर्गात नाहीच." या तिसरीचं दुःख मला सगळ्यात खोल वाटलं. ती माझ्याकडे कधीच आली नाही. रागावलेल्या मुलाची निदान दखल घेतलेली असते.

एकाच सरांचे हे इतके अनुभव. सगळे खरे. म्हणून 'सर चांगले की वाईट' हा प्रश्न मी बाजूला ठेवते आणि मुलांकडून सरांची वाक्यं लिहून घेते, जशीच्या तशी. मेघाच्या यादीत होतं: "हे चूक आहे." "पुन्हा विचार करा." "हे ट्रिव्हियल आहे, पुढे चला." "तिकडे सगळं गाइडवरच चालतं." पहिली दोन वाक्यं गणिताबद्दल आहेत. टोचली तरी ती शिक्षकाची कामाची वाक्यं आहेत आणि ती सहन करायला शिकावंच लागतं. तिसरं हा गणिताच्या वर्गातला जुना रोग आहे. सरांना ती पायरी चाळीस वर्षांच्या सवयीने सोपी दिसते, मुलाला ती पायरीच दिसत नाही. तिथे हात वर करून "सर, ही पायरी लिहून दाखवाल का?" एवढं विचारायचा हक्क विद्यार्थ्याला आहे. चौथं वाक्य मात्र गणिताबद्दल नाहीच. गाव, कॉलेज, माध्यम, जात, मुलगी असणं यावरून वर्गात काढलेला शब्द हा अपमान आहे, आणि 'सर कडक आहेत पण मनाने चांगले आहेत' या पांघरुणाखाली तो झाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

कडक प्रश्न आणि अपमान एकत्र यावेच लागतात असंही नाही. तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस हा उन्हाळी गणित प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. देशभरातली बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं तिथे जातात. तिथली पद्धतच प्रश्नांची आहे, तयार नोट्स उतरवून घ्यायला मिळत नाहीत. मेघाला मी त्याचा अर्ज भरायला सांगितलं.

त्याआधी सरांना भेटायचं ठरलं. ती तयार नव्हती. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात, उगीच डोळ्यांवर आले तर? ही भीती मुलांची नेहमीची आणि अगदी अस्थानी नसते. आम्ही भेटीची तालीम केली. एकटीने जायचं नाही, मैत्रीण बरोबर. 'मला काहीच कळत नाही' असं सांगायचं नाही, कारण त्यावर कुणालाच काही करता येत नाही. एकच नेमकी अडचण न्यायची आणि आपण कुठवर पोचलो ते कागदावर लिहून न्यायचं. तिने न्यायला घेतलं हाइने-बोरेल प्रमेय: बंद आणि मर्यादित अंतराल कॉम्पॅक्ट असतं (म्हणजे ते उघड्या अंतरालांनी कसंही झाकलं, तरी त्यातली मोजकीच ठेवून झाकता येतं), मग उघडं, म्हणजे टोकं वगळलेलं, शून्य ते एक का नाही?

सरांनी कागद पाहिला, खुर्ची ओढून फळ्याकडे गेले आणि लहान-लहान उघड्या अंतरालांची रांग काढून दाखवली, जी शून्याच्या जवळ जवळ जाते पण त्यातली मोजकीच ठेवली तर शून्यालगतची जागा उघडी राहते. वीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "हे वर्गात विचारायला हवं होतं." मेघाने तालमीतलं वाक्य म्हटलं: "सर, त्या दिवशी तुम्ही कॉलेजबद्दल बोललात, तेव्हापासून वर्गात विचारायची हिंमत होत नाही." सर गप्प राहिले. माफी मागितली नाही. "ठीक आहे, या पुढच्या वेळी," एवढंच म्हणाले.

चमत्कार झाला नाही. सर पुढेही तडकायचे. मेघाला पुन्हा काही बोलले नाहीत, पण सत्राच्या शेवटी दुसऱ्या एका मुलाला तसाच टोमणा मारला. त्या वेळी वर्गातल्या सात-आठ जणांनी मिळून विभागप्रमुखांना लेखी दिलं: तारीख, तास, नेमके शब्द, विशेषणं एकही नाही. मेघाची सही त्यात होती.

विभागात दाद लागली नाही तर पुढची वाट कागदावर स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमावलीप्रमाणे विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याने समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे (ऑम्बड्सपर्सन) अपील करता येतं. मूल्यमापनातला अन्याय आणि भेदभाव दोन्ही त्यात बसतात. पालकांना माझं सांगणं असं, की सरांना थेट फोन करू नका. मूल मोठं आहे, अर्ज त्याच्या सहीने जाऊ दे, तुम्ही पाठीशी उभे राहा. पण मूल खात-झोपत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल, जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल, तर तक्रार आणि परीक्षा दोन्ही मागे ठेवा आणि लगेच मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मेघा पहिल्या सत्रात अ‍ॅनालिसिसमध्ये पास झाली, मार्क बेताचे. आल्जिब्रात मात्र वर्गात वरच्या चार-पाचांत होती. रूममेट आणि ती मिळून रविवारी व्याख्या मराठीत समजावून घ्यायला बसतात, त्यात ती तिसरी मुलगीही येते. मेघाची वही आता खाडाखोडीने भरलेली असते.

दुसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय निवडताना तिने त्या सरांचा विषय घेतला नाही. मी विचारलं, आवडीने की भीतीने? थोडा विचार करून ती म्हणाली, "दोन्ही मिळून, मॅडम. पण आवड जास्त."