दुखणे दप्तराचे की गोलंदाजीचे?

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा असून आठवीत शिकतो. त्याचे वजन ४२ किलो आहे आणि दप्तर जवळजवळ ६ किलोंचे भरते. गेले दीड-दोन महिने त्याची कंबर दुखते, विशेषतः डाव्या बाजूला. तो उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. सरावानंतर दुखणे वाढते, सुट्टीत कमी होते. आम्हाला दप्तराचा संशय आहे. सासूबाई म्हणतात, वाढीचे वय आहे, आपोआप थांबेल. त्याला कमरेचा पट्टा बांधावा का?
– एक आई, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात दप्तरापेक्षा गोलंदाजीचा उल्लेख मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वेगवान गोलंदाज चेंडू सोडतो तेव्हा त्याची कंबर मागे वाकते, एका बाजूला कलते आणि पिळलीही जाते, आणि त्याच सुमारास पुढचा पाय जोराने जमिनीवर आदळतो. हा सारा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागील कमानीतील एका अरुंद भागावर येतो. वाढत्या वयात हे हाड पुरते पक्के झालेले नसते, त्यामुळे पुरेशी विश्रांती न मिळता तोच ताण पुन्हापुन्हा पडत राहिला तर तेथे बारीक भेग पडू शकते. ही भेग बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला आढळते, म्हणूनच आपल्या मुलाच्या डाव्या बाजूच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये.

त्याला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोपर्यंत गोलंदाजी पूर्ण थांबवा. कंबर मागे वाकवताना दुखते का, हे त्यांना अवश्य सांगा. सुरुवातीची भेग साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे केवळ एक्स-रे चांगला आला म्हणून मुलाला पुन्हा मैदानात उतरवणे योग्य नाही. डॉक्टर एमआरआय सुचवू शकतात. वेळेवर निदान झाले तर काही महिने गोलंदाजी बंद ठेवून आणि नंतर पोटापाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करून बहुतेक मुले पुन्हा खेळू लागतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. पट्टा मात्र स्वतःहून आणून बांधू नका.

दप्तर हलके करायलाच हवे. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या मुलासाठी साधारण ४ किलोंपर्यंतच असावे. जड दप्तराने खांदे आणि पाठ थकते. परंतु केवळ त्यामुळे दीर्घकाळ कंबरदुखी होते, असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. हे आवर्जून लिहितो, कारण दोष एकदा दप्तरावर टाकला की पुढचा शोध थांबतो.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच चूक नाही. या वयातील बहुतेक कंबरदुखीमागे गंभीर आजार नसतो आणि नेहमीच्या हालचाली चालू ठेवल्यास ती काही आठवड्यांत ओसरते. मात्र दुखण्याने रात्री झोपमोड होणे, ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही मुलांमध्ये आढळतो.

संघातील जागा जाईल या भीतीने मुले दुखणे लपवतात, म्हणून प्रशिक्षकांशी आपण स्वतः बोला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर शाळा आणि क्लब मिळून आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले जातात, याची नोंद एकाच वहीत ठेवा.