आकडे हिरवे, तरी गाडी ओढते

प्रश्न: महिन्यापूर्वी पावसात वळताना माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर आदळलं. वेग फार नव्हता, ३० च्या आसपास. रिमला ओरखडे आले आणि त्यानंतर सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग जरा उजवीकडे फिरवून धरावं लागायचं. अलाइनमेंट करून घेतलं. स्टेअरिंग सरळ झालं, मशीनच्या कागदावर टोचे, म्हणजे चाकांच्या तोंडाच्या दिशेचे, आकडे हिरवे (मर्यादेत) आले. तरी गाडी किंचित डावीकडे ओढते, वळण संपल्यावर स्टेअरिंग पूर्वीसारखं आपसूक परत येत नाही आणि ८० च्या पुढे हाताला थरथर जाणवते. गॅरेजवाले म्हणतात, सवय होईल. खरंच होईल का?

उत्तर: सवय होईलच, दुखऱ्या दाताचीही होते. पण जे वाकलंय ते वाकलेलंच राहील.

आधी अलाइनमेंटने काय केलं ते सांगते. चाकाला वळवणारी दांडी म्हणजे टाय रॉड. धक्क्याने ती वाकली किंवा तिच्या आसपासचं काही सरकलं, की चाकाचं तोंड फिरतं. याला टो बिघडणं म्हणतात. तुमचं डावं चाक बाहेरच्या बाजूला तोंड करून बसलं असणार. अशा वेळी गाडी सरळ न्यायची तर दोन्ही चाकांना ती चूक निम्मी निम्मी वाटून घ्यावी लागते, आणि स्टेअरिंग उजवीकडे फिरलेलं राहतं. अलाइनमेंट करणाऱ्याने टाय रॉडचे आटे फिरवून लांबी बदलली, टो जागेवर आला, स्टेअरिंग सरळ. दुखणं मात्र झाकलं गेलं.

हे ठणकावून सांगते कारण मीही हेच केलंय. मशीनवर नवी होते तेव्हा अशीच एक गाडी ‘सरळ’ करून पाठवली. ती परत आली तेव्हा टायरच्या आतल्या कडेला तार दिसत होती. स्ट्रट (चाकाला वरून धरणारा शॉकअपचा खांब) वाकून चाक वरून आत झुकलं होतं आणि मी नुसता टो बघत बसले होते. तेव्हापासून मशीनला हात लावायच्या आधी मी गाडीखाली जाऊन टाय रॉडचे उघडे आटे मोजते. दोन्ही बाजूंना साधारण सारखे असावेत. एका बाजूला चार-पाच जास्त दिसले, तर कोणीतरी वाकलेल्या वस्तूची भरपाई केलेली असते. तुमच्या गाडीत हे आधी बघा.

ओढणं आणि स्टेअरिंग परत न येणं ही मात्र जोडगोळी आहे, आणि तिथे माझा संशय लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर, आहे. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती वरच्या बाजूला किंचित मागे झुकलेली असते. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप मधोमध येतं ते बरंचसं त्याच्यामुळे. कडेच्या धक्क्याने आर्म मागे रेटला गेला, की चाकाचा खालचा सांधा मागे जातो आणि झुकाव घटतो. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. तुमची डावीकडेच ओढतेय.

बऱ्याच गाड्यांत कॅस्टर कमी-जास्त करायची सोयच नसते. तो मोजायचा तर चाकं दोन्हीकडे ठरावीक अंशांपर्यंत वळवून बघावी लागतात, आणि गर्दीच्या दिवशी ही पायरी हमखास गळते. तुमचा तो कागद काढा. कॅस्टरचा रकाना भरलाय का? ‘आधी’चे आकडे छापलेत का? मला त्यांच्यातच रस आहे. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर झुकण्यात) अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर स्ट्रट आणि हबही (ज्यावर चाक बसतं तो भाग) तपासायला सांगा.

कागद हरवला असेल तर टेप घ्या. सपाट जागी, चाकं सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन-चार मिलिमीटरचं मनावर घेऊ नका. डावीकडे सेंटिमीटरभर कमी भरलं, तर चाक मागे गेलंय. मग गाडी वर उचलून डावा आर्म उजव्याशी ताडून बघायचा. बुशचं (आर्मच्या सांध्यातल्या उशीचं) रबर फाटलंय का, सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेला असतो त्या चौकटीच्या) बोल्टांभोवती ताजी चकाकी दिसते का, हेही बघायचं. ती चकाकी म्हणजे सबफ्रेम जागची हलल्याची खूण. आर्म तापवून सरळ करून देतो असं कोणी म्हटलं तर तिथून गाडी काढा. आर्म नवाच टाकायचा, आणि त्यानंतर पुन्हा अलाइनमेंट.

थरथर बहुधा वेगळी गोष्ट आहे. चारही चाकं एकाच मापाची असतील तर पुढचं डावं चाक मागच्या डाव्याशी बदला. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष त्या चाकात. हातातच राहिली तर हब किंवा बेअरिंगकडे वळा. उजव्या वळणावर घूं-घूं वाढत असेल तर डावं बेअरिंग धरा, कारण तेव्हा भार त्याच्यावर येतो. रिम तपासताना आतली कड बघा. ओरखडे बाहेर असतात म्हणून सगळे बाहेरच बघतात. जॅकवर घेऊन, स्क्रूड्रायव्हर रिमच्या अगदी जवळ स्थिर धरून चाक फिरवलं, की फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. अशी रिम बॅलन्सिंगने बरी होत नाही. वजनं लावून भार सारखा होतो, गोलाई येत नाही.

आर्म तपासून होईपर्यंत वेग आवरा आणि लांब जाऊ नका.

प्रश्न: अशाच धडकेनंतर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. हवा जात नाही. स्टेपनी म्हणून ठेवू का?

उत्तर: नको. आतले दोरे तुटलेत, आता हवेचा दाब नुसतं रबर पेलतंय. त्याला पंक्चरसारखं ठिगळ चालत नाही. आणि स्टेपनी लागते ती नेमकी रात्री, गाडी माणसांनी भरलेली असताना. टायर टाकून द्या, पण टाकण्याआधी सुरीने बाजू कापा, नाहीतर तो कोणाच्या तरी गाडीला पुन्हा लागेल.