कमी बजेटमध्ये ट्रू वायरलेस इअरबड्स निवडताना काय पाहावं? एएनसी (बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय) असलेलेच घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की बजेट मर्यादित आहे, दिवसभरात बरेच कॉल असतात आणि प्रवासात गाणी ऐकायची आहेत. अशा वेळी मी तरी एएनसीच्या मागे लागणार नाही. कानात नीट बसणारे आणि समोरच्याला आपलं बोलणं स्पष्ट ऐकू जाईल असे बड्स शोधेन.

कानात बसणं हा फक्त सोयीचा प्रश्न वाटतो, पण आवाजही त्यावरच ठरतो. सिलिकॉनची टिप सैल बसली की फट राहते, बेस गायब होतो आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. बरेच जण बड्सवर लावून आलेली मधली साइजच वापरत राहतात; बाकीच्या टिप्स खोक्यातच पडून राहतात. दोन्ही कानांना एकच साइज लागेल असंही नाही. माझ्या डाव्या कानाला लहान लागते, उजव्याला मधली. बड्स घालून मोठ्याने बोलून पाहा: स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर टिप बरोबर बसली. मग काहीतरी चघळत बघा, जबडा हलल्यावर सैल होतात का ते लगेच कळतं. कानात खुपसलेलं काही सहनच होत नसेल तर टिप नसलेले घ्या, मात्र बेस कमी मिळेल आणि बाहेरचा गोंगाट आत येईल हे धरून चाला.

आता एएनसी आणि ईएनसी. जाहिरातीत हे दोन शब्द शेजारी शेजारी छापतात (मला तर वाटतं, गोंधळ व्हावा म्हणूनच). एएनसी तुमच्यासाठी असते. बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या उलट लहर सोडली जाते, त्यामुळे इंजिनाची किंवा पंख्याची सलग घरघर कमी होते. माणसांची बडबड आणि हॉर्न मात्र बऱ्यापैकी येतच राहतात. त्यांना अडवते ती मुख्यतः घट्ट बसलेली टिप. स्वस्त मॉडेलमध्ये एएनसीचा परिणाम बहुधा सौम्य असतो आणि बॅटरी मात्र जास्त जाते. ईएनसी असते ती फोनवर पलीकडे बोलणाऱ्यासाठी: तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट ती कमी करते. तुम्हाला तिने काडीचीही शांतता मिळत नाही, पण तुमचे कॉल जास्त आहेत म्हणून तुमच्या कामाची हीच.

माइक कसा आहे हे खोक्यावर वाचून कळत नाही. ज्या परीक्षणात रस्त्यावर, वाऱ्यात केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलंय तेच बघा. कॉल सुरू झाला की गाण्याचा दर्जा एकदम पडतो, त्याला बिघाड समजू नका. माइक वापरताना ब्लूटूथ वेगळ्या, कमी दर्जाच्या मोडमध्ये जातं.

खोक्यावरच्या बाकी आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ ही माणसाच्या कानाची ढोबळ मर्यादा आहे, जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. मोठा ड्रायव्हर (बडमधला छोटा स्पीकर) म्हणजे चांगला आवाज असंही नाही. ब्लूटूथ 5.0 आणि 5.3 यांच्यात गाणं ऐकताना कानाला फरक जाणवणार नाही. एलडॅक (ब्लूटूथवरून गाणं जास्त चांगल्या दर्जात पाठवायचं तंत्र) हवं असेल तर ते फोनमध्येही लागतं. आयफोनमध्ये ते नाहीच, तिथे एएसी हे दुसरं तंत्र चालतं.

बॅटरीचं मात्र नीट बघा. ‘50 तास’ हा आकडा बड्स ठेवायची चार्जिंग केस धरून असतो. नुसते बड्स एका चार्जवर किती चालतात ते शोधा, आणि तेही बहुधा एएनसी बंद ठेवून, मध्यम आवाजावर मोजलेलं असतं. बडमधली बॅटरी इवलीशी असते, वापराने तिची क्षमता घटत जाते आणि सहसा ती बदलून मिळत नाही. सहा-सात तासांचे घेतलेत तर पुढेही पुरतील.

व्यायामाला वापरणार असाल तर आयपीएक्स4 पुरे. म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात. एक्सचा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. केसला हे संरक्षण बहुतेक वेळा नसतं, म्हणून घामाने ओले झालेले बड्स पुसूनच आत ठेवा.

लॅपटॉप आणि फोन दोन्हीवर कॉल घेत असाल तर मल्टिपॉइंट (एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेलं राहणं) असलेलं मॉडेल मिळतंय का पाहा. आणि एक बड हरवला तर सुटा विकत मिळतो का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या. स्वस्त मॉडेल्समध्ये बऱ्याचदा पूर्ण जोडीच पुन्हा घ्यावी लागते.